कर्नल सगळ्यांचे, बोर्ड एकट्याचे

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांसाठी मी एक उपकरण बनवतो आहे. विजेच्या पॅनलमध्ये डिन रेल नावाच्या धातूच्या पट्टीवर बसणारी ती एक डबी आहे. कारखान्यातील वीजमीटरांना ती आरएस-४८५ च्या दोन तारांवरून ठरावीक वेळाने प्रश्न विचारते, आलेले आकडे स्वतःजवळ साठवते आणि इंटरनेट असेल तेव्हा सर्व्हरकडे पाठवते. कोणत्या भट्टीने रात्रपाळीत किती युनिट खाल्ली आणि पॉवर फॅक्टर कधी घसरला, एवढेच मालकाला पाहायचे असते. एवढ्याशा कामाला लिनक्ससारखी पूर्ण संगणकप्रणाली कशाला, साधा मायक्रोकंट्रोलर पुरला नसता का, असे बहुतेक जण विचारतात. पुरलाही असता. परंतु सुरक्षित जोडणी, दुरून सॉफ्टवेअर बदलण्याची सोय, कित्येक महिन्यांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस आणि ब्राउझरमध्ये उघडणारे पान हे सगळे एकट्याने मुळापासून लिहिण्यापेक्षा लिनक्सवर आयते घ्यावे, असे मी ठरवले आणि ते मत आजही बदललेले नाही. वैताग आहे तो निराळ्याच जागी.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधल्या गाभ्याचा, एक दंडक प्रसिद्ध आहे: कर्नल बदलले म्हणून त्याच्यावर चालणारे प्रोग्राम मोडता कामा नयेत. त्यामुळे वर्षांपूर्वी तयार केलेला प्रोग्राम नव्या कर्नलवरही मुकाट्याने चालतो. खालच्या बाजूला, म्हणजे हार्डवेअर हाताळणाऱ्या ड्रायव्हरच्या बाजूला, असे कोणतेही आश्वासन नाही आणि ते मुद्दामच दिलेले नाही. कर्नलच्या आतील रचना कोणत्याही आवृत्तीत बदलू शकते. जो ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये दाखल झालेला असतो, त्यात लागणारी दुरुस्ती बदल करणारी मंडळीच करून टाकतात. जो बाहेर राहिला, तो वाऱ्यावर. स्वस्त चिप बनवणाऱ्या कंपन्या मात्र एखादी कर्नल आवृत्ती उचलतात, तिच्यात आपले हजारो बदल घुसवतात, ती चिपसोबत देतात आणि पुढच्या चिपकडे वळतात. इथेच घोडे पेंड खाते.

मी निवडलेली चिप कागदावर अतिशय सोयीची होती. तिच्या पोटातच ६४ मेगाबाइट मेमरी आहे, त्यामुळे बोर्डावर मेमरीच्या नाजूक रेषा ओढाव्या लागत नाहीत, आणि तिचे पाय बाहेर दिसतात, त्यामुळे साध्या सोल्डरिंग स्टेशनवर ती हाताने बसवता येते. एकट्या माणसासाठी हे दोन्ही गुण सोन्यासारखे आहेत. तिच्यासोबत मिळालेले कर्नल होते ४.९. ही आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये बाहेर पडली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची अधिकृत देखभाल थांबली. कंपनीला पत्र पाठवून नव्या कर्नलविषयी विचारले, तर उत्तरात प्रतिप्रश्न आला की वर्षाला किती नग घेणार. मी खरा आकडा कळवला आणि पत्रव्यवहार तिथेच संपला. त्यांचा राग येत नाही, कारण त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर आहे. पण चिपपासून क्रिस्टलपर्यंत प्रत्येक दारावर हाच प्रश्न विचारला जातो, आणि फुकट मिळणाऱ्या लिनक्समुळे आपण त्या दारापर्यंत पोहोचेस्तोवर हा प्रश्न आपल्याला दिसतच नाही.

मीटर वाचण्याचे उदाहरण घ्या. आरएस-४८५ च्या एकाच जोडीवर बोलायचेही असते आणि ऐकायचेही असते. आपला शेवटचा बिट बाहेर पडला की दिशा ताबडतोब उलटवावी लागते, नाही तर मीटर बोलू लागतो तेव्हा आपणच तार अडवून बसलेले असतो. मीटरांशी बोलण्याच्या मॉडबस आरटीयू या पद्धतीत सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने एक अक्षर जायला सव्वा मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो आणि दोन संदेशांमधील साडेतीन अक्षरांची शांतता म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. प्रोग्राममधून ही दिशा उलटवायची म्हटली तर कर्नल आपल्याला पुन्हा पाळी कधी देईल याचा भरवसा नसतो. त्याच क्षणी मेमरी कार्डावर काही लिहिले जात असेल, तर उशीर होतो. ऑसिलोस्कोपवर ते अगदी स्वच्छ दिसत होते: आपली दिशारेषा अजून वरच आहे आणि तिच्या पायथ्याशी मीटरचा पहिला बाइट चिरडला जातो आहे. मग संदेश अखंड आला का हे तपासणारा सीआरसी आकडा जुळत नाही आणि नोंद वाया जाते. हे काम सिरियल ड्रायव्हरनेच करावे अशी तरतूद लिनक्समध्ये आहे, पण कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरमध्ये ती नव्हती. वेळेची हमी देणारे प्रीएम्प्ट-आरटी हे काम वीस वर्षे मुख्य कर्नलच्या बाहेर वाढत राहिले आणि अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत सामावले गेले. ती बातमी वाचून मला आनंद झाला, तरी ४.९ वर बसलेल्या माणसाला तिचा उपयोग काय? शेवटी दिशा स्वतःच ओळखणारी आयसी बोर्डावर टाकली. सॉफ्टवेअरचा प्रश्न प्रत्येक नगामागे काही रुपये मोजून हार्डवेअरने सोडवला.

हे सगळे मी एका कारखानदाराला उत्साहाने समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘एटले चाले छे के नथी चालतुं?’’ म्हणजे, चालते की नाही? प्रश्न रास्त होता.

सर्वांत जास्त छळ मात्र घड्याळाने केला. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा एका ठिकाणी खबरदारी म्हणून मेन स्विच पाडून ठेवला होता. पाणी ओसरल्यावर तो चढवला. डबीचे दिवे लागले, मीटर वाचले जाऊ लागले, पण सर्व्हरवर एकही आकडा येईना. तिथे जाऊन लॅपटॉप जोडला, तर लॉगमध्ये तक्रार होती की सर्व्हरचे प्रमाणपत्र अद्याप वैध झालेले नाही. तारीख विचारली, तर डबीच्या मते १ जानेवारी १९७० ची पहाट होती. युनिक्सचा काळ तिथून सुरू होतो, आणि भारतीय वेळेनुसार तेव्हा सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. आता, तारीख चुकली तर इंटरनेटवरून वेळ घेता येते. पण त्या कारखान्याच्या राउटरवर सुरक्षित वेबचे ४४३ हे एकच पोर्ट उघडे होते, आणि वेळ येते ती दुसऱ्या पोर्टवरून. म्हणजे वेळ बरोबर असल्याशिवाय सर्व्हरशी जोडणी होईना आणि दुसरे दार उघडल्याशिवाय वेळ कळेना.

बोर्डावर बटणासारख्या सेलवर चालणारी, अत्यंत भरवशाची घड्याळाची आयसी होतीच. तिला थेट विचारले तर ती वेळही बिनचूक सांगत होती. मग बिघाड कुठे? चिपच्या पोटातही स्वतःचे एक घड्याळ असते. त्याला सेल जोडलेला नव्हता आणि जोडण्याची गरजही नव्हती. कर्नल सुरू होताना आधी हे आतले घड्याळ सापडते आणि त्याला शून्य क्रमांक मिळतो. बाहेरच्या आयसीला एक क्रमांक मिळतो. आणि कर्नलची ठरलेली सवय म्हणजे वेळ शून्य क्रमांकाच्या घड्याळाकडून घेणे. माझ्या टेबलावर इंटरनेट मोकळे असल्यामुळे दुरून येणारी वेळ हा घोळ झाकून टाकत असे. उपाय म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये एका ओळीची भर: शून्य क्रमांक बाहेरच्या घड्याळाला द्यावा. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणती वस्तू कोणत्या पत्त्यावर आहे हे कर्नलला सांगणारी फाइल. २०११ साली एआरएम चिपांच्या कोडमधील गोंधळावर टोरवाल्ड्स यांनी जाहीर आगपाखड केल्यानंतर तिचा वापर त्या बाजूला झपाट्याने रूढ झाला. यात दोष कुणाचा म्हणाल, तर कर्नल दस्तऐवजात लिहिल्याप्रमाणेच वागत होते, आयसी निर्दोष होती, जोडणी बरोबर होती, राउटर सांभाळणाऱ्याने दारे बंद ठेवली होती हेही योग्यच होते. मोठ्या कंपनीत या चार गोष्टी चार विभागांकडे असतात आणि निदान त्यांची आपसात टोलवाटोलवी तरी होते. एकट्याने काम करताना टोलवायचे कुणाकडे?

त्या घड्याळापायी काळाचा आणखी एक प्रश्न पुढ्यात आला. ३२ बिटांत सेकंद मोजणारी युनिक्सची वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, भरून सांडणार आहे. मोबाइल बनवणाऱ्याला याची चिंता नाही, कारण त्याचा फोन तोवर भंगारात गेलेला असेल. पण इथल्या कारखान्यांत वीस वर्षांपूर्वीची पॅनल आजही बिनतक्रार चालतात आणि त्यांत बसवलेल्या वस्तूने तितकेच टिकावे, अशी मालकाची अपेक्षा असते. ३२ बिटांच्या चिपांसाठी कर्नलने हा प्रश्न २०२० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीपर्यंत मार्गी लावला. कंपनीचे ४.९ त्याच्या कितीतरी आधीचे आहे. तेव्हा ते सोडून मुख्य कर्नलवर जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मुख्य कर्नलमध्ये या चिपचा आधार आहे, आणि तो कंपनीने नव्हे तर हौशी मंडळींनी, बरेचसे तपशील स्वतः उकलून, उभा केलेला आहे. त्यांचे ऋण शब्दांत मावणार नाही. तरी पहिल्या प्रयत्नांत सिरियल केबलवर ११५२०० च्या वेगाने ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ उमटते आणि त्यानंतर काहीही येत नाही, तेव्हा माणूस मेटाकुटीला येतो. कर्नल मेलेले असते की जिवंत असून भलत्याच पोर्टवर बोलत असते, हेसुद्धा कळायला मार्ग नसतो. मेमरीचा पत्ता, डिव्हाइस ट्री, कन्सोलचे नाव यांपैकी एकातही अक्षराची चूक असली तरी पडद्यावर दिसणारी शांतता सारखीच.

या शहरात एरवी कशाची वाण नाही. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढले, त्यातूनच आजची अभियांत्रिकी विद्याशाखा वाढली. ट्रान्सफॉर्मर आणि पॅनलच्या धंद्यात हयात घालवलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. पत्र्याचा डबा वाकवून घ्यायचा असो, वीज वाहणारी बसबार पट्टी कापून घ्यायची असो, की उन्हाळ्यात बंद पॅनलच्या आत तापमान कुठवर चढते हे विचारायचे असो, मकरपुऱ्यात दुपारच्या चहाआधी काम उरकते. ते तापमान कळल्यावरच मी सत्तर अंशांपर्यंतचे भाग काढून पंच्याऐंशी अंशांपर्यंतचे घेतले. वीज जाण्यापासून नोंदी वाचवण्याचे धडेही इथलेच आहेत: मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशी बंद ठेवायची, लिहिण्याचा भाग वेगळा काढायचा आणि स्वस्त मेमरी कार्डाच्या वाटेला जायचे नाही. मात्र चिपचे हजार पानी मॅन्युअल उघडून रजिस्टरवर वाद घालणारा माणूस गावात मिळत नाही. तो दुसऱ्या खंडात असतो आणि आपण झोपायला निघालो की ईमेलला उत्तर देतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, त्यामुळे उपकरण विकणाऱ्याने त्यातील कर्नलचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्यावाच लागतो. लिनक्सची संपूर्ण प्रणाली बांधून देणारे बिल्डरूट हे साधन मी वापरतो; त्यात एका आज्ञेसरशी सगळे परवाने आणि सोर्स गोळा होतात. लहान उत्पादकाला हे एवढे सोपे असताना बड्या चिप कंपन्यांना मात्र ते वर्षानुवर्षे जमत नाही, याची गंमत वाटते.

मुख्य कर्नलवर इथरनेट चालले, सिरियल पोर्ट चालले, कार्ड चालले. अडला तो वायफाय. त्याचा ड्रायव्हर बाहेरचा, ४.९ साठी लिहिलेला. कर्नलच्या दर नव्या आवृत्तीबरोबर तो पुन्हा मोडणार आणि तो जोडण्याचे काम जन्मभर माझ्याकडे राहणार. शिवाय रेडिओ असलेले उपकरण विकायचे तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून ईटीए ही मंजुरी घ्यावी लागते, म्हणजे चाचणी-अहवाल आणि त्यांचा खर्च आला. म्हणून पुढच्या बोर्डावरून वायफायचे मॉड्यूल काढून टाकले आहे. त्याच्या जागी इथरनेटचे दुसरे कनेक्टर येईल, म्हणजे एका पॅनलमधून शेजारच्या पॅनलला केबल पुढे नेता येईल. पॅनलपर्यंत केबल ओढण्याचा खर्च कुणी करायचा, याबद्दल त्या कारखानदारांशी बोलणी सुरू आहेत.