पत्र वाचून फाडून टाकणे

मोडी पत्राचं पहिलं वाचन मी कुणासमोर करत नाही. आधी एकट्याने दोनदा वाचायचं, मगच गिऱ्हाइकाला बोलवायचं. गेल्या महिन्यात एका आजींपायी हा नेम मोडला आणि ते अजून खातंय.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत येतात ती बहुतेक खरेदीखतं आणि वाटणीपत्रं. घरगुती पत्र क्वचित. आजी ऐंशीच्या पुढच्या, बरोबर पुतण्या. त्याला घराण्याचा फलक करायचा होता आणि मजकूर मोबाइलमध्ये तयारच होता. आजींच्या आजोबांपुढे लिहिलं होतं : 'बी. ए., एम. एस. युनिव्हर्सिटी, १९०१'.

म्हटलं, युनिव्हर्सिटी झाली १९४९ साली, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. १९०१ साली होतं ते बडोदा कॉलेज, १८८१ चं. आज आर्ट्स फॅकल्टी म्हणतो ती घुमटाची इमारत. पण बी. ए.ची पदवी मुंबई विद्यापीठाची असायची.

"एकच झालं ने," पुतण्या म्हणाला.

आमच्या गावातल्या निम्म्या मराठी घरांत असा एक बी. ए. पूर्वज असतो, आणि त्याला इंग्रजी हटकून अरविंद घोषांनीच शिकवलेलं असतं. अरविंदबाबू इतक्यांना शिकवत बसले असते तर झोपले कधी असते?

आजी म्हणाल्या, "वाचा ना आत्ताच. परत जिना चढणं व्हायचं नाही." मी भिंग घेतलं.

अक्षर सुरेख होतं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द कुठे संपला ते कागद सांगत नाही, वाचणाऱ्याने ठरवायचं. ऱ्हस्वदीर्घही नाही. याची मात्र रेघ शेवटपर्यंत ताठ, बोरू कुठे अडलेला नाही. असा हात वर्षातून एकदा मिळतो, आणि त्या खुशीतच मी वाहवत गेलो.

पत्र शके १८२१, कार्तिक वद्यातलं. म्हणजे १८९९, छप्पनच्या (संवत १९५६) दुष्काळाचं वर्ष. आजोबांनी थोरल्या भावाला लिहिलेलं. कॉलेज सुटलं, कलाभवनात रंगकामाला लागलो. रसायन गुजराथीतून शिकवितात, टिपण मी मराठीत ठेवितो. 'नीळकुंडातून कापड काढिता हिरवे दिसते, वारा लागता डोळ्यांदेखत निळे होते. हातही तैसेच, घासून जात नाहीत, सबब दिवाळीस आलो नाही. तीर्थरूपांस कॉलेजच सांगावे.' आणि शेवटी, मजकूर संपल्यावर, बारीक अक्षरात : 'पत्र वाचून फाडून टाकणे.'

ती ओळ तोंडातून गेली तेव्हा मला कळलं मी काय वाचतोय.

पुतण्याचा चेहरा पडला. मी सावरायला गेलो : कलाभवन म्हणजे काय साधी गोष्ट? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं, त्रिभुवनदास गज्जरांच्या कल्पनेतलं. हुन्नर मातृभाषेतून शिकवायचा, हा त्यांचा हट्ट. आजची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्याच्यातूनच उभी राहिली. दादासाहेब फाळके तिथेच शिकले.

"मग फाळक्यांचे वर्गमित्र लिहूया?"

फाळके त्याच्या किती तरी आधीचे. पण मी गप्प बसलो. हुन्नर शिकला हे लिहायची लाज. नामवंताशेजारी फोटो काढायची हौस मात्र मोठी.

मग तो हळूच म्हणाला, "तेवढा भाग गाळून द्या. त्यांनी स्वतःच सांगितलंय ने, फाडा म्हणून."

याला मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी भावाने ते फाडलं नाही, पण बापाला दाखवलंही नसावं. मी मात्र तिऱ्हाइतासारखा मोठ्याने वाचून मोकळा झालो.

आजी इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. "दसऱ्याला आजोबा सगळ्यांचे फेटे घरीच रंगवायचे," त्या म्हणाल्या. "आम्हा पोरांना अंगणात बसवायचे, बघा म्हणायचे, आता होईल निळं. आम्हाला वाटे, हौस आहे."

लिप्यंतर मी ओळीला ओळ ठेवून दिलं, शेवटच्या ओळीसकट. पुतण्याने पैसे चुकते केले, प्रत न वाचताच घडी करून खिशात घातली. फलकावर पुढे काय कोरलं, मी विचारलं नाही.

परवा दुपारी आजींचा फोन आला. "ते कुंडाचं तेवढं पुन्हा वाचता का? घरी आत्ता कुणी नाही."