राउटर ताब्यात घेताना: माझा अनुभव

मी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहते आणि घरूनच लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. जुलै म्हणजे आमचा हंगाम. पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंटं, घरभाड्याच्या पावत्या, सगळं माझ्या लॅपटॉपवर येऊन पडतं. लोक विश्वासानं देतात, त्यामुळे हे कागद सांभाळणं मला कामापेक्षा मोठं वाटतं.

गेल्या हंगामात एका दुपारी बँकेची साइट उघडताना ब्राउझरनं इशारा दिला: हे कनेक्शन सुरक्षित नाही. पत्ता पुन्हा वाचला, अक्षरन् अक्षर बरोबर होता. फोनवर तेच वायफाय वापरून पाहिलं, तोच इशारा. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिलं, तर बँक नीट उघडली. लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे एकच तक्रार, आणि वायफाय सोडलं की तक्रार नाहीशी. म्हणजे दुखणं लॅपटॉपचं नव्हतं, हॉलमधल्या टीव्हीमागे टांगलेल्या त्या पांढऱ्या डब्याचं, म्हणजे राउटरचं होतं.

आपण साइटचं नाव टाइप करतो तेव्हा ते नाव कोणत्या आकडी पत्त्यावर राहतं हे संगणक आधी डीएनएस नावाच्या सेवेला विचारतो. कोणाला विचारायचं हे साधारणपणे राउटर सांगतो. शनिपाराशी उभं राहून पत्ता विचारावा आणि सांगणाराच चोराच्या टोळीतला निघावा, तसं राउटरमधला डीएनएस कोणी बदलला की होतं. आपण बरोबर नाव टाकतो आणि भलत्याच दारात पोचतो. मला वाचवलं ते बँकेच्या प्रमाणपत्रानं, म्हणजे साइट खरीच बँकेची आहे याच्या डिजिटल पुराव्यानं. खोट्या साइटला ते दाखवता आलं नाही, म्हणून ब्राउझर अडून बसला. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ हे बटण कधीही दाबू नका, कितीही घाई असो.

पहिलं काम होतं राउटरच्या आत शिरण्याचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की त्याचं सेटिंगचं पान उघडतं. माझ्याकडे वायफायचा पासवर्ड होता, पण या पानाचा वेगळा असतो आणि तो मला कोणी कधी दिलाच नव्हता. केबलवाल्याच्या ऑफिसला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, नेट चालू आहे ना? मग तुम्हाला तो कशाला पाहिजे?” मी म्हटलं, “दादा, डबा माझ्या घरात आहे, त्यातून माझ्या लोकांचे कागद जातात. मला आतलं बघायचंय.” त्यानं साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. फोन काही आला नाही. शेवटी मीच डबा उलटा करून बघितला. खालच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत युजरनेम ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. टाकलं आणि दार उघडलं.

इंटरनेटच्या पानावर डीएनएसच्या रकान्यात दोन आकडी पत्ते कोणीतरी हातानं भरलेले होते. ऑफिसला पुन्हा फोन करून ते वाचून दाखवले. हे आमचे नाहीत, एवढं त्यांनी लगेच कबूल केलं. पण पुढे म्हणाले, “आमच्याकडे कोणालाच पब्लिक आयपी नसतो, बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कोणी पोचूच शकत नाही.” पब्लिक आयपी म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता. हे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे. एक म्हणजे, त्याच केबलवाल्याच्या जाळ्यावरचं दुसऱ्या एखाद्या घरातलं बाधित यंत्र आतल्या आत शेजाऱ्यांचे डबे चाचपू शकतं. दुसरं, बाहेरून यायची गरजच नसते. तुम्ही उघडलेल्या एखाद्या वाईट पानातला कोड तुमच्याच ब्राउझरकरवी १९२.१६८.१.१ ला हुकूम पाठवू शकतो, आणि पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर डबा तो हुकूम पाळतो.

हे काही माझ्याच घरी घडलेलं अप्रूप नाही. डीएनएस बदलणाऱ्या टोळीवर अमेरिकेच्या एफबीआयनं नोव्हेंबर २०११ मध्ये कारवाई केली, तेव्हा जगभरची लाखो यंत्रं तिच्या सर्व्हरना पत्ते विचारत होती. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं तर फक्त साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या आजमावून कॅमेरे आणि राउटर यांची फौज उभी केली. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अशाच कारणानं बंद पडले होते, आणि कारखान्यातला पासवर्ड बदला असं कंपनीला लोकांना सांगावं लागलं होतं. तरी आजही स्टिकरवर तेच दोन शब्द छापलेले असतात, याचा मला मनापासून राग येतो. ब्रिटनमध्ये असे सरसकट सारखे पासवर्ड विकण्यावर २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानंच बंदी आहे.

लगेच रीसेट करावं, म्हणजे बारीक भोकात पिन दाबून राउटर कारखान्यातल्या मूळ स्थितीला न्यावा असं वाटत होतं, पण केबलवाल्याच्या तंत्रज्ञ मुलानं फोनवर थांबवलं ते बरं झालं. “काकू, पिन टोचू नका, सगळं कॉन्फिगरेशन उडेल. पीपीपीओई पुन्हा टाकायला मलाच यावं लागेल.” पीपीपीओई म्हणजे आपल्या कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड. काही ठिकाणी सोबत व्हीलॅन नावाचा एक आकडाही लागतो. हे तिन्ही रीसेटच्या आधी लिहून घ्या, नाहीतर ऐन हंगामात घर नेटशिवाय बसेल. तो येईपर्यंत मी सगळं काम फोनच्या हॉटस्पॉटवर केलं आणि बँकेचे, ईमेलचे, आयकर पोर्टलचे पासवर्ड मोबाइल डेटावरूनच बदलले.

मुलगा आला, कामाला हुशार आणि बोलायला मोकळा. त्यानं फायबरची पिवळी वायर काढली, पिन दाबून धरली, दिवे विझून पुन्हा लागले. वायर परत लावायच्या आधी मी त्याला ॲडमिनचा नवा पासवर्ड टाकायला लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रीसेट झालेला डबा पुन्हा त्याच उघड्या पासवर्डनिशी जागा होतो.

मग मी विचारलं, याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट कधी झालं? त्यानं पान उघडून दाखवलं. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती. नवीन टाकता येईल का? “ते आमच्या हातात नाही काकू, वरून आलं तरच.” आणि ‘वर’ म्हणजे कोण, हाच या सगळ्यातला खरा घोळ आहे. चिप आणि तिच्यासोबतचं सॉफ्टवेअर एक कंपनी बनवते, डबा दुसरी बनवते, तो घाऊक घेऊन वाटतो केबलवाला, आणि घरात तो आपल्या भिंतीवर टांगलेला असतो. चूक सापडली तर दुरुस्ती या साखळीतून खाली यायला हवी, आणि ती मधेच कुठेतरी अडते. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या कंपनीनं एका चुकीची माहिती जाहीर केली, तिला मिसफॉर्च्यून कुकी म्हणतात. राउटरच्या आतल्या एका छोट्या वेब सर्व्हरमधली ती चूक मूळ कंपनीनं २००५ मध्येच दुरुस्त केली होती. तरी नऊ वर्षांनंतर सुमारे १ कोटी २० लाख यंत्रांत जुनंच सॉफ्टवेअर चालू होतं. २०१८ मध्ये काही फायबरच्या डब्यांत तर पत्त्याच्या शेवटी एक छोटा शब्द जोडला की पासवर्ड न विचारताच आतलं पान उघडत होतं. अशा चुकीपुढे माझा नवा पासवर्ड कितीही अवघड असला तरी काय उपयोग?

म्हणून ठरवलं की या डब्यावर विसंबायचं नाही. तंत्रज्ञानं ऑफिसमधून परवानगी घेऊन तो ब्रिज मोडला टाकला. आता तो फक्त फायबरचा सिग्नल पुढे देतो, बाकी कारभार माझ्या स्वतःच्या राउटरनं बघायचा. थोडा आग्रह धरला तर हे करून मिळू शकतं, मागून बघा.

राउटर घ्यायला तपकीर गल्लीत गेले. पासोड्या विठोबापाशी रिक्षा सोडली आणि दुकानं फिरले. प्रत्येक जण अँटेना किती, स्पीड किती, रेंज किती खोल्यांची, हेच सांगत होता. मी विचारत होते, याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळतील आणि ते आपोआप होतात का. एका वयस्कर दुकानदारांनी खोका खाली ठेवला आणि म्हणाले, “ताई, हे आजवर कोणी विचारलं नाही.” मग त्यांनीच फोनवर कंपनीची साइट उघडली आणि आम्ही दोघांनी मिळून त्या मॉडेलचं सपोर्टचं पान पाहिलं. एका स्वस्त मॉडेलचं शेवटचं अपडेट फार जुनं होतं, ते बाजूला पडलं. दुसऱ्याचं ताजं होतं, ते घेतलं. नाव मोठं आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं २०२० मध्ये सात नामांकित कंपन्यांचे १२७ घरगुती राउटर तपासले. एकही निर्दोष निघाला नाही, आणि ४६ राउटरना वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं. खोक्यावर मॉडेलच्या नावापुढे व्ही २, व्ही ३ असं काही छापलेलं असतं तेही टिपून घ्या. नाव तेच असलं तरी आतलं हार्डवेअर वेगळं असतं, आणि चुकीच्या आवृत्तीचं फर्मवेअर भरलं तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.

घरी आणून आधी आपोआप अपडेट चालू केलं, बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय बंद आहे ना ते पाहिलं आणि यूपीएनपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना राउटरमध्ये परस्पर बाहेरची दारं उघडू देणारी सोय, बंद केलं. डब्ल्यूपीएस मात्र थोडं समजून घ्यावं असं आहे. पासवर्ड न टाकता यंत्र जोडण्याची ही सोय, तिचा पिन आठ आकडी. ऐकायला दहा कोटी शक्यता. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो. त्यामुळे पहिल्या चार आकड्यांचे १०,००० आणि उरलेल्या तिघांचे १,००० एवढेच प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झालं. ती सोय मी बंद केली. टीव्ही आणि दाराचा कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या वेगळ्या वायफायवर टाकले, लॅपटॉप वेगळा.

आमच्या सोसायटीत बहुतेकांकडे तोच केबलवाला आणि तोच डबा. बैठकीत मी विषय मांडला तेव्हा सेक्रेटरी काका म्हणाले, तू पत्र लिही, सह्या मी गोळा करतो. आम्ही तीन गोष्टी मागितल्या: प्रत्येक घराला वेगळा ॲडमिन पासवर्ड, तो लेखी ग्राहकाकडे, आणि ज्या डब्यांना अपडेट मिळत नाही ते बदलून. केबलवाल्याचे मालक स्वतः येऊन बसले, ऐकून घेतलं. पासवर्ड बदलण्याचं काम त्यांच्या मुलांनी घरोघरी फिरून केलं. डबे बदलायचं टप्प्याटप्प्यानं म्हणाले आहेत, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

तोवर ज्यांचे डबे जुनेच आहेत त्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये मी प्रायव्हेट डीएनएस चालू करून देते. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर ते सापडतं, ९ व्या आवृत्तीपासून पुढच्या फोनमध्ये आहे. तिथे एखाद्या खात्रीच्या सेवेचं नाव भरलं की फोन पत्ते राउटरनं सांगितलेल्या ठिकाणी विचारत नाही, त्या सेवेला थेट आणि कुलूपबंद वाटेनं विचारतो. राउटर त्यानं दुरुस्त होत नाही, लॅपटॉप आणि टीव्ही तसेच राहतात. पण घरात बँकेचे व्यवहार फोनवरूनच होत असतील तर आज रात्री करून ठेवण्यासारखं हे काम आहे.