तुम्ही विचारलंत म्हणून: दारात आलेलं गिऱ्हाईक परत का पाठवलं

भेटेल तो एकच विचारतो. पैसे घेऊन माणूस दारात आला होता, घासाघीसही करत नव्हता, मग घरी बिअर बनवायचा सेटअप दिला का नाहीस? प्रत्येकाला दोन वाक्यांत उत्तर देऊन पाहिलं. दोन वाक्यांत सांगितलं की मी एक तर विक्षिप्त ठरतो नाही तर लोभी. म्हणून एकदाच सविस्तर.

तो विकायला का काढला, हे तुम्हाला माहीतच आहे. सहा किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजलं की जवळजवळ दुप्पट वजनाचं होतं, आणि ती गरम, गळती बास्केट केटलमधून, म्हणजे बिअरच्या मोठ्या पातेल्यातून, वर ओढावी लागते. माझी कंबर आता त्याला तयार नाही. विषय संपला.

बाकीचं सामान पटापट गेलं. केगचं सोपं असतं. बिअर भरून ठेवायचा 19 लिटरचा स्टीलचा डबा, रबरी रिंगा नव्या घालायच्या, गॅस भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला नाही की व्यवहार पक्का. उकळलेली बिअर गार करायच्या चिलरची तांब्याची कॉइल घेणारा डोळ्यांनीच तपासतो. प्लास्टिकचे फर्मेंटर (बिअर आंबवायचे डबे) आणि नळ्या मी कुणाला दिल्याच नाहीत, टाकून दिल्या. आतल्या बारीक चऱ्यांमध्ये काय दडून बसलंय ते घासूनही जात नाही, आणि दुसऱ्याच्या आंबट झालेल्या बिअरचं खापर मला माझ्या डोक्यावर नको होतं. उरली केटल, तिच्यातलं पाणी तापवणारं 5500 वॉटचं एलिमेंट, पंप आणि मी स्वतः बांधलेलं कंट्रोल पॅनल. घोडं अडलं ते इथे.

पॅनलबद्दल मी हळवा आहे असं तुम्ही म्हणता. आहे. गॅसच्या शेगडीवर मॅश करणाऱ्यांनी, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवणाऱ्यांनी, मला हसू नये. 65 अंशांवर मॅश धरला तर बिअर कोरडी, हलकी होते. 68 वर धरला तर अंगाने भरदार. या तीन अंशांत सगळी मजा आहे, आणि शेगडीपुढे झाकण उघडून थर्मामीटर बुडवत ते तीन अंश सांभाळणं म्हणजे दिवसभराची शिक्षा. पॅनल ते काम गुपचूप करतं. आत एक सॉलिड स्टेट रिले आहे, एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. तो बिघडला की बहुतेक वेळा बंद पडत नाही, उलट चालूच राहतो. कंट्रोलर 'बंद' म्हणतो आणि एलिमेंट तापतच राहतं. म्हणून त्याच्याआधी मी वेगळा काँटॅक्टर, म्हणजे एक दणकट स्विच, टाकला, हाताने सगळं तोडता यावं म्हणून. हे जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतात तीन दिवे आणि एक लाल बटण.

आता तो दिवस.

मुलगा तिशीच्या आतबाहेरचा असेल. मला पहिल्याच वाक्यात 'काका' म्हणाला, तेही मी मनावर घेतलं नाही. मोजपट्टी घेऊन आला होता. केटलला खालून हात लावून डाग बघितले, वेल्डिंग बघितलं, नळ उघडून आत बॅटरी मारली. एलिमेंटवर पांढुरका थर नाही ना, हेही त्याने पाहिलं. इतका नीट पाहणारा माणूस आला म्हणून मी खूश. म्हटलं, पाण्यावर चालवूनच दाखवतो. तीस लिटर पाणी भरलं, पंप सुरू केला, कंट्रोलरवर 67 लावले. या एलिमेंटला एवढं पाणी तिथवर न्यायला वीस मिनिटंही लागत नाहीत, आणि ते दाखवायची मला हौस होती.

पाणी चाळिशीच्या आसपास आलं आणि खट् आवाज झाला. सगळे दिवे गेले.

आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे झिरपला की वीज तोडणारा ब्रेकर, पडला होता. मी उचलला. मिनिटभराने पुन्हा पडला. पंपाची वायर काढली, फक्त एलिमेंट ठेवलं. पुन्हा खट्. मग कळलं. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते, आणि टोकाचं सील सैल झालं की बराच काळ पडून राहिलेल्या एलिमेंटमध्ये ती भुकटी हवेतली ओल पिते. मग थोडा करंट नळीच्या धातूकडे झिरपतो. मी त्याला हे समजावत होतो. आवाज शक्य तितका शांत ठेवला होता, कारण कान तापले होते.

तो अजिबात बिचकला नाही. उलट मलाच धीर दिला. म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. माझा मित्र वायरिंगची कामं करतो. तो म्हणतो, हीटरवर हे असले ब्रेकर उगाच पडतात. काढून टाकायचा आणि साधा एमसीबी लावायचा. माझ्या खोलीवर तसंही हा ब्रेकर नाहीये."

मी विचारलं, "अर्थिंग?"

"तीन पिनचा सॉकेट आहे ना."

त्या तिसऱ्या पिनच्या मागे वायर आहे का, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

इथे थोडा हिशेब सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी "एमसीबी तर असतोच की" असं मला ऐकवलंय. 240 व्होल्टवर हे एलिमेंट जवळपास 23 अँपिअर घेतं. एमसीबी त्याहून मोठाच लावावा लागतो आणि तो वायर जळू नये म्हणून असतो. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना करत बसतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. माणसाचं हृदय बिघडवायला जेवढा करंट पुरतो, तेवढा एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. 23 अँपिअर म्हणजे 30 मिलिअँपिअरच्या साडेसातशे पटींहून जास्त. आणि हे सगळं कुठे? ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी, स्टीलच्या केटलला टेकून उभं असताना.

मी म्हटलं, देत नाही. त्याला वाटलं भाव वाढवतोय. त्याने वाढवून सांगितला. मी पुन्हा नाही म्हटलं. मग मात्र तो चिडला. जाहिरातीत 'आहे त्या स्थितीत' असं तुम्हीच लिहिलंय, मी त्या स्थितीत घ्यायला तयार आहे, मग तुमची अडचण काय? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. "तुमच्या खोलीत ते चालवणार म्हणून देत नाही," असं काहीतरी मी पुटपुटलो. तो गेला. पाणी कोमट होतं, ते मी मोरीत सोडलं.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. एक म्हणजे, विकल्यावर वस्तू त्याची, जबाबदारीही त्याची. गंमत अशी की जाहिरात लिहिताना मीही याच मताचा होतो. 'आहे त्या स्थितीत' ही ओळ मी समजून उमजून टाकली होती. तेव्हाच्या 'मी'चं म्हणणं असं की सुरी विकणारा गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही. आत्ताचा मी त्याला एवढंच म्हणतो, की सुरी हातात धरली की धार दिसते. माझ्या पॅनलचं झाकण स्क्रूने बंद आहे, आणि ते कोणत्या ब्रेकरशिवाय चालवायचं हे त्या मुलाने माझ्यासमोरच ठरवलं होतं. तेव्हाचा मी याला उत्तर देतो, आत्ताचा मी परत बोलतो. आमचं दोघांचं अजून चाललंय.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. माझ्या बहिणीचा. "ब्रेकर तुझ्याच घरी, त्याच्यासमोर पडला, म्हणून तुझं नाक कापलं गेलं. सुरक्षितता नंतर सुचली." हे मी ठामपणे नाकारतो, असं लिहिणार होतो. पाणी निमूट 67 वर पोचलं असतं आणि जाता जाता त्याने आपल्या खोलीच्या सॉकेटबद्दल सांगितलं असतं, तर मी पॅनल त्याच्या गाडीतून उतरवून घेतलं असतं का? घेतलं असतं, असं मला वाटतं. शपथेवर विचारू नका.

तिसरा सल्ला, सुटे भाग करून विक. पंप आणि केटल उद्या जातील. पण पॅनल एकटं घेणाराही ते कुठेतरी जोडणारच. आणि एलिमेंट बदल म्हणाल, तर बदललं. नवं घातल्यापासून ब्रेकर एकदाही पडलेला नाही. त्यावर तुम्ही म्हणता, मग त्या मुलाला परत बोलव. अहो, सेटअप सुधारला, त्याचा सॉकेट तोच आहे! मी त्याला निरोप धाडला होता, की आरसीसीबी आणि अर्थिंग करून घे, ठरलेल्या भावातून तेवढा खर्च वजा करतो. उत्तर आलं नाही.

आता तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीतच लिहिलंय: स्वतंत्र लाइन आणि आरसीसीबी असेल तरच फोन करा. तेव्हापासून फोन कमी झालेत. जे येतात त्यातले काही जण जुनी बिअर शिल्लक आहे का विचारतात.

परवा एका ओळखीच्याकडून कळलं की तो मुलगा स्वतःच पॅनल बांधतोय. त्याच मित्राच्या मदतीने. म्हणजे मी न देऊन नेमकं काय वाचवलं? माझ्या पॅनलमध्ये निदान काँटॅक्टर तरी होता, वायरी योग्य जाडीच्या होत्या. बहीण म्हणते, दिलं असतंस तर बरं. बायको म्हणते, दिलं नाहीस तेच बरं, पण आता फोन करून त्याला रिलेचं तरी सांग. नंबर माझ्याकडे आहे. फोन केला तर तो पुन्हा काका म्हणणार आणि मी पुन्हा मॅग्नेशियम ऑक्साइडपासून सुरू करणार, हे मला माहीत आहे, म्हणून अजून केलेला नाही.