तोरिनो दोन आहेत

आधीच सांगून टाकते, आम्ही आमाल्फीला जात नाही, वेनिसलाही नाही. ज्याला त्याला हेच सांगून तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मे महिन्यात इटलीला चाललोय म्हटलं की समोरचा लगेच "मग स्वित्झर्लंड पण करणार असाल की" म्हणतो, आणि नणंदेनं तर दहा दिवसांत सात देश असलं एका टूरचं पत्रक व्हॉट्सॅपवर टाकलं, त्यात बर्फाच्या डोंगरासमोर पोहे खाणाऱ्या बायकांचा फोटो. खरं आमचं जाणं मुळात बाबांच्यामुळं निघालंय.

माझा आज्जा मराठा रेजिमेंटमध्ये होता, बेळगावातून ट्रेनिंग करून थेट दुसऱ्या महायुद्धात. त्याच्याकडनं इटलीच्या तीनच गोष्टी ऐकल्या, सांग्रो नदीला आलेला पूर, गुडघाभर चिखल, आणि टेकाडावर चढलं की दिसणारा समुद्र. चौथी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. १९४३ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीनं ती नदी ओलांडली, त्यात आपली ८ वी इंडियन डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली बटालियन. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतात, त्यांची लढाई पुढची, १९४४ आणि ४५ ची, आणि दुसऱ्या नद्यांवरची. सांग्रोचं नाव कोण काढत नाही. तिथं नदीच्या मुखाजवळ टेकाडावर युद्धातल्या मेलेल्यांची दफनभूमी आहे आणि आतच, ज्यांना आपल्या पद्धतीनं अग्नी दिला त्या हिंदुस्थानी शिपायांसाठी वेगळं स्मारक आहे, पाचशेच्या वर नावं आहेत त्यावर. आज्जा परत आला म्हणून आम्ही आहोत, जे आले नाहीत त्यांची नावं तरी वाचून येऊया असं बाबा म्हणाले. बाबा आता ७३ चे, म्हणजे हे "पुढच्या वर्षी बघू" करण्यातलं काम नाही.

आणि नशीब असं की ती नदी जिथं समुद्राला मिळते तो अब्रुत्सो प्रांताचा किनारा एकदम भारी निघाला. कोस्टा दे त्राबोक्की म्हणतात त्याला. त्राबोक्को म्हणजे समुद्रात खांबांवर उभारलेलं लाकडाचं मचाण, त्याच्यावरनं लांबलांब काठ्या पाण्यावर गेलेल्या आणि त्यांना एक भलंमोठं जाळं टांगलेलं, ते खाली सोडायचं आणि चाकानं वर ओढायचं, होडी नको काही नको. आता त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हॉटेलं आहेत. पोरांना समुद्र, बाबांना नदी, दोन्ही एकाच ठिकाणी, एवढं बघून मी खूश झाले आणि बुकिंगचं काम नवऱ्याकडं दिलं. तिथंच चुकलं.

गावाचं नाव तोरिनो दि सांग्रो. नवऱ्यानं साइटवर तोरिनो टाकलं, चार रात्रींची मस्त खोली, स्वस्तात, नाश्त्यासकट, बुक. संध्याकाळी कौतुकानं बाबांना फोटो दाखवायला गेला. बाबांनी चष्मा लावला, मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

"अहो जावईबापू, हे मागं काय दिसतंय?"

"डोंगर आहेत बाबा."

"डोंगर न्हवं, बर्फ हाय हे. आमच्या बापानं समुद्र बघितल्याला, बर्फ न्हवं."

ते तोरिनो म्हणजे ट्युरिन, इटलीच्या पार उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी. कॅन्सल करायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती म्हणून वाचलो. तेव्हापासून आमच्या घरात कोण काही चुकलं की "तोरिनो केलंस" म्हणायची पद्धत पडलीय. तसं बघितलं तर बेळगावच्या माणसानं तरी या बाबतीत सावध असायला पाहिजे होतं. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आहे, पत्त्यात बेलगावी, घरात आपण म्हणतो बेळगाव, आणि व्हिसाच्या फॉर्मात यातलं नेमकं काय भरायचं यावर अर्धा तास गेला (पासपोर्टवर जे छापलंय तेच भरायचं, शहाणपणा करायचा नाही). त्यांचंही तसंच, फ्लॉरेन्सच्या स्टेशनवर फिरेंझे लिहिलेलं, नेपल्सच्या नापोली. तिकीट काढताना त्यांच्या भाषेतलं नाव कागदावर लिहून घेऊन बसा.

दुसरा घोळ स्टेशनचा, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा रेंगाळते. या किनाऱ्यावरची गावं बरीचशी वर टेकाडावर, आणि त्याच नावाची मरीना म्हणजे खालची समुद्राकडची वस्ती वेगळी. वास्तो वर, वास्तो मरीना खाली. सान व्हितो वर, त्याची मरीना खाली. त्यात पूर्वी रेल्वे अगदी समुद्राला चिकटून जायची, ती २००५ मध्ये आतल्या बाजूला बोगद्यांतून नेली आणि जुन्या रुळांच्या जागी आता ओर्तोना ते वास्तो साधारण ४० किलोमीटरचा सायकल ट्रॅक केलाय. सायकलवाल्यांची चैन झाली खरं मधली स्टेशनं गावापासनं आणि बीचपासनं लांब गेली. आपल्याकडं चिकोडी रोड स्टेशनला उतरून चिकोडी शोधणारा पाहुणा कसा दिसतो ते आठवा, तसं आमचं पाच जणांचं वरातीसारखं लटांबर पाच बॅगा घेऊन वास्तो-सान साल्वो स्टेशनवर दिसलं असतं, वास्तो तिथनं काही किलोमीटर वर. म्हणून खोलीचा फोटो नंतर बघायचा, आधी नकाशावर स्टेशन, मग खोली, मग मधला रस्ता चढाचा आहे की सपाट ते बघायचं. बाबांचे गुडघे म्हणजे आमचा खरा ट्रॅव्हल एजंट.

हे सगळं करून शेवटी पहिल्या चार रात्री पेस्कारात ठरवल्या. पेस्कारा काय फार देखणं शहर नाही, ब्लॉगवाले त्याला नावंच ठेवतात, युद्धात बॉम्ब पडून पुष्कळसं गेलं आणि नंतर नवीन बांधलं. खरं सपाट आहे, स्टेशन भर शहरात आहे, तिथनं चालत दहा-पंधरा मिनिटांत वाळू, आणि किनाऱ्यानं खाली जाणाऱ्या लोकल गाड्या तिथनंच सुटतात. रोज सकाळी सामान खोलीवर ठेवून हात हलवत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहिल्यासारखं, रेल्वे जवळ आणि बाजार पण जवळ.

फ्लॅट घेतलाय, हॉटेल नाही, कारण बाबा माळकरी. त्राबोक्कोवरच्या हॉटेलात मासे सोडून त्यांना पाव आणि काकडी मिळेल, रोज कसं चालेल. स्वयंपाकघर असलं की कुकर आपला, भात आपला. फ्लॅट बघताना तीन गोष्टी तपासल्या. एक म्हणजे लिफ्ट, जाहिरातीत "सेन्झा अशेन्सोरे" लिहिलं असेल तर लिफ्ट नाही, मग कितीही समुद्र दिसू दे, पुढं चला. दुसरं म्हणजे सीआयएन नंबर, २०२५ पासून तिकडं भाड्यानं घर देणाऱ्या प्रत्येकाला सरकारकडनं हा नंबर घ्यावा लागतो आणि जाहिरातीत दाखवावा लागतो, एका स्वस्त घरवाल्याला मी तो विचारला तर उत्तरच आलं नाही, बरंच झालं. तिसरी गोष्ट माझ्या आईनं विचारली, म्हणजे ती येत नाहीये तरी विचारली, की तिकडं संडासात पाण्याचं काय. तर मंडळी, इटली या बाबतीत आपल्यातली आहे, १९७५ च्या सरकारी नियमानं तिथं घरात बिदे म्हणजे पाण्यानं धुवायचं बुटकं बेसिन ठेवावं लागतं. आईला हे ऐकून इटलीबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

शिवाय भाड्यावर टुरिस्ट टॅक्स असतो, माणशी दर रात्रीचा, गावागणिक वेगळा, तो बऱ्याचदा तिथं गेल्यावर हातात द्यावा लागतो म्हणून सुटे युरो ठेवायचे. आणि घरमालक सगळ्यांचे पासपोर्ट मागणार, त्याला घाबरायचं नाही, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडं करणं त्याला बंधनकारक आहे.

आता पोचायचं कसं. मुंबईपर्यंत रात्रीची बस, तिथनं आखातात विमान बदलून रोम. रोमच्या फ्युमिचीनो एअरपोर्टवरनं सगळे डोळे झाकून लिओनार्दो एक्सप्रेस पकडा म्हणून सांगतात, ती ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला नेते, माणशी १४ युरो. खरं आमची पेस्काराची बस सुटते रोमच्याच तिबुर्तीना स्टेशनाहून, आणि तिबुर्तीनाला एअरपोर्टवरनं थेट साधी लोकल आहे, एफएल-१, ८ युरो. जरा जास्त वेळ लागतो, पण मध्ये गाडी बदलून बॅगा ओढायच्या नाहीत. पाच जणांचे बऱ्यापैकी युरो वाचले, ते नवऱ्याला तोरिनोच्या पापातनं मुक्त करायला वापरले.

रोमहून पेस्कारा ट्रेननं का नाही असं भाऊ विचारत होता. मध्ये अपेनाइन डोंगर आहे, तिथली रेल्वे जुनी, वळसे घेत सुलमोनावरनं जाते, साडेतीन-चार तास. बस हायवेनं बोगद्यांतून अडीच-पावणेतीन तासांत उतरते. आपण नाही का, गोव्याला जायला ट्रेन असली तरी चोर्ला घाटानं गाडीच काढतो.

लोकल ट्रेनच्या तिकिटाची एक गंमत, आपल्याला साठ दिवस आधी रिझर्वेशनला टपून बसायची सवय. तिकडं लांबच्या फास्ट गाड्यांना लवकर काढलं तर स्वस्त पडतं, खरं रिजनल गाडीचा दर ठरलेला, आदल्या दिवशी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी. फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमध्ये छाप मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असून दंड. आणि वेळापत्रकात "फेरियाले" लिहिलेलं दिसलं की सुट्टीचा दिवस समजू नका, मी समजले होते. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणाची ती "फेस्तिव्हो". आमचा नदीला जायचा दिवस मी आधी रविवारी धरला होता, त्या दिवशी सोयीची एकही गाडी त्या स्टेशनावर थांबत नाही हे बघितल्यावर सोमवार केला.

मे का, तर पोरांची शाळा. कर्नाटकातल्या शाळा मे संपला की उघडतात, सप्टेंबरात समुद्र ऊबदार असतो म्हणतात खरं सप्टेंबरात गणपती, गणपती सोडून बेळगावचा माणूस कुठं जाईल काय. ऑगस्टात सगळी इटलीच समुद्रावर असते, १५ तारखेला त्यांचा फेरागोस्तो म्हणजे सुट्टीचा सण, भाडी डबल. मे मध्ये पाणी गार असणार, पोरं वेंगुर्ल्याला गुडघ्याच्या वर जात नाहीत तर इथं काय जाणार, वाळूत खेळतील.

व्हिसाचं थोडक्यात, कारण आठवलं की डोकं दुखतं. मोठ्यांना ९० युरो, धाकटा नऊ वर्षांचा म्हणून त्याला ४५. बोटांचे ठसे द्यायला बेंगळूरला, बाबांसकट, रात्रीच्या गाडीनं जाऊन रात्रीच्या गाडीनं परत. प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो म्हणून फुकटात कॅन्सल होणारीच बुकिंग केली. इन्शुरन्स ३०,००० युरोचा तरी लागतो, आणि एका एजंटनं (नाव सोडा) बाबांची कमी रकमेची पॉलिसी आमच्या गळ्यात मारली होती, सत्तरीच्या वर हप्ता जास्त पडतो म्हणून त्यानंच परस्पर काटकसर केली. आदल्या आठवड्यात कागद लावताना लक्षात आलं. पॉलिसीचा आकडा स्वतः वाचा.

उरल्या शेवटच्या दोन रात्री. स्टेशनाचं नाव फोस्साचेझिया-तोरिनो दि सांग्रो, तिथं उतरून टेकाडावर बाबांना चालवत न्यायचं शक्य नाही, आणि गाडी भाड्यानं घ्यायची म्हणजे आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढायचं, उजवीकडनं चालवायचं, नवरा तयार होता, मी नव्हते. म्हणून आग्रीतुरिस्मो घेतलं, म्हणजे शेतावरचं घर, ऑलिव्हची झाडं, मालक तिथंच राहतो. मोबाइलवर भाषांतर करून त्याला लिहिलं की वडील सोबत आहेत, त्यांचे वडील इथं लढले होते, स्मारकाला जायचंय, टॅक्सी मिळेल काय. दोन दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं, त्यातली एकच महत्त्वाची, गाडीची वेळ कळवा, स्टेशनवर मी येतो आणि तिकडंही मीच नेतो.

बाबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग त्याला न्यायला दोन किलो कुंदा सांगून ठेव."

कुंदा म्हणजे आमची दुधाची बेळगावी मिठाई, ती नेता येत नाही. बाहेरच्या देशातनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बॅगेत घालून युरोपात न्यायला बंदी आहे. हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा असा झाला की व्हिसा नाकारला असता तरी झाला नसता. रात्री जेवताना परत विषय निघाला, मांडे वाटेत मोडतील म्हणून ते पण गेले, करदंटात तूप असतंय म्हणून ते गेलं. आता कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यावर येऊन थांबलंय. भाकरी किती न्यायच्या यावर आई आणि बाबांचं अजून जमलेलं नाही, आई वीस म्हणते.