तानपुरा मध्येच तुटू नये म्हणून

वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या १४० सीडी आमच्या मुलुंडच्या घरी कपाटात पडून होत्या आणि त्या वाजवणारे यंत्र गेल्या पावसाळ्यात कायमचे बंद पडले. मुलुंड ते सीएसएमटी हा रोजचा प्रवास याच गाण्यांच्या सोबतीने करावा, या विचाराने मी खिशात मावणारा म्युझिक प्लेअर घेण्याचे ठरवले. फोन असताना वेगळे यंत्र कशाला, असे घरच्यांनी विचारले. परंतु माझ्या फोनला हेडफोनची पिन लावायला जागा नव्हती, मेमरी कार्डाचीही सोय नव्हती आणि आलाप रंगात आला असता वाजणारी संदेशाची घंटी मला नको होती.

प्लेअर कोणता घ्यावा यापेक्षा गाणी कोणत्या स्वरूपात साठवावीत, या प्रश्नाने माझा अधिक वेळ घेतला. भावाच्या जुन्या प्लेअरवर वाजवून पाहण्यासाठी मी प्रथम दहा सीडींच्या ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट माहितीच्या) एमपी३ फाइल केल्या. मूळ सीडीवरचा आणि एमपी३मधला तोच तुकडा बहिणीने मला न सांगता आलटून पालटून ऐकवला, तेव्हा मला फरक ओळखता आला नाही, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. अडचण निघाली ती वेगळीच. मैफलीच्या सीडीवर पुष्कळदा विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत बंदिश पुढच्या ट्रॅकवर असते, पण तानपुरा मात्र दोहोंमधून अखंड वाजत असतो. एमपी३मध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या (ध्वनीच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मापांच्या) ठरावीक चौकटींत बांधला जातो आणि त्यामुळे फाइलच्या आरंभी व अखेरीस किंचित शांतता भरली जाते. ती किती भरली याची नोंद लेमसारखा एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्राम) फाइलमध्येच करून ठेवतो, परंतु ती नोंद वाचण्याची सोय त्या जुन्या प्लेअरमध्ये नव्हती. त्यामुळे विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा क्षणभर नाहीसा होई आणि तेवढ्याने तोवर जमलेले सारे वातावरण विस्कटे.

म्हणून मी फ्लॅक या दुसऱ्या फाइल-स्वरूपाकडे वळले. सीडीवरचा एकही नमुना न गमावता फाइल लहान करणारे हे स्वरूप २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे आणि त्यात भरीची शांतता मुळातच नसते. सीडीचा दर १४११ केबीपीएस, म्हणजे तासाभराचे गाणे सुमारे ६३५ एमबी होते. फ्लॅकमध्ये माझी बहुतेक ध्वनिमुद्रणे त्याच्या साधारण निम्म्यात बसली. शिवाय फ्लॅकमधील नावांच्या नोंदी युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे राग, ताल व गायकाचे नाव देवनागरीत लिहिता आले. तरीही दुकानात पाहिलेल्या एका प्लेअरच्या पडद्यावर ‘शिवरंजनी’तील पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसत होती. तो मी घेतला नाही. राग कोणता हे वाचता येत नसेल तर १४० सीडींच्या साठ्यात हवे ते सापडणार कसे?

सीडी संगणकावर घेण्यासाठी मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरले, कारण ते प्रत्येक भाग पुन्हा वाचून ताडून पाहते. सीडी आधी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून पुसल्यास पडणारा ओरखडा सीडीवरील माहितीच्या गोल रेषेच्या दिशेने जातो आणि वाचन अडते. रोज रात्री चार-पाच याप्रमाणे हे काम महिनाभर चालले.

कार्डाच्या बाबतीत मी फसले. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलेल्या १२८ जीबीच्या कार्डात पहिली तीसेक जीबी गाणी नीट वाजली, पुढच्या फाइल मात्र नावापुरत्या दिसत आणि उघडत नसत. एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने कार्ड शेवटपर्यंत भरून पुन्हा वाचले, तेव्हा क्षमता खोटी असल्याचे उघड झाले. आता नवे कार्ड मी गाणी भरण्यापूर्वीच असे तपासते. खऱ्या १२८ जीबीच्या कार्डावरही संगणक ११९ च्या आसपास आकडा दाखवतो, तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

इयरफोनसाठी मी लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार घालवले. घरी वापरायचा ३०० ओहमचा (ओहम हे विद्युत रोधाचे माप; ते जास्त तर वाजवायला जोर जास्त लागतो) हेडफोन मी घेतलेल्या लहान प्लेअरवर फारच क्षीण वाजत होता, म्हणून ३२ ओहमचा, कानात बसणारा इयरफोन निवडला. त्याच्यापेक्षाही महत्त्वाच्या ठरल्या त्याच्या टोकाच्या रबरी टोप्या. टोपी कानात घट्ट बसली नाही तर तबल्याचा बायाँ जवळजवळ ऐकू येत नाही, आणि मग गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवत राहतो. माझ्या डाव्या कानाला मधला आकार लागतो आणि उजव्याला लहान, हे मला तेथे प्रथमच कळले. शेवटी फोमच्या टोप्या घेतल्या. त्या बाहेरचा आवाज अधिक अडवतात, त्यामुळे आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवूनही लयीचे सूक्ष्म काम ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे, आणि रोज दोन-अडीच तास ऐकणाऱ्याने ती मनावर घ्यावी असे मला कळकळीने वाटते. फलाटावर आणि रूळांजवळ मात्र मी दोन्ही कान मोकळे ठेवते.

ब्लूटूथचा विचार मी सोडला. एलडॅक या ब्लूटूथवरून ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीचा सर्वोच्च दरही ९९० केबीपीएस, म्हणजे सीडीच्या १४११ पेक्षा कमी आहे आणि भरलेल्या डब्यात जोडणी अधूनमधून तुटत होती; ज्या तुटण्यापासून सुटका हवी होती तेच पुन्हा वाट्याला आले असते. वायर गर्दीत ओढली जाते खरी, परंतु काटकोनी पिनेची आणि इयरफोनपासून सुटी होणारी वायर घेतल्यामुळे उद्या ती तुटली तरी वायरच तेवढी बदलावी लागेल. घामाने पिना काळ्या पडू नयेत म्हणून घरी आल्यावर सर्व पुसून सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवते.

आता उरल्या आहेत वडिलांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या अकरा कॅसेटी. त्यांच्यासाठी चांगल्या स्थितीतला डेक शोधत आहे.