अकराशेचं गंगाफळ

रविवार, रात्रीचे साडेनऊ. नंदुरबार.

ओट्यावर गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आहे. मांजर त्याच्याभोवती दोनदा फिरून गेलं. सात किलो तरी भरेल. बाजारात दीड-दोनशेला मिळालं असतं, मी अकराशे मोजलेत.

आज चर्चमध्ये हंगामाचा सण होता. शहादा-तळोद्याकडूनही मंडळी आली होती. वेदीसमोर मक्याची कणसं, पपया, कापूस, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि अर्थातच मिरच्या. गावाबाहेर पथारींवर मिरच्या वाळताहेत, त्यामुळे या दिवसांत वारा फिरला की उपदेशातसुद्धा ठसका लागतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातली पहिल्या उपजाची टोपली वाचून झाली आणि वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला.

गंगाफळ पन्नासला निघालं. तीनशेपर्यंत मी गमतीनेच बोली लावत होते. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "पाचशे!" वळून पाहिलं, तर ज्यांच्या दारात नुकतीच नवी गाडी आली आहे त्या बाई. त्यानंतर माझ्या तोंडून सहाशे, आठशे, अकराशे जे काही निघालं त्याचा देवाशी काडीचा संबंध नव्हता. टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी नाव घेतलं. लिहायला लाज वाटते, पण तेव्हा छान वाटलं.

घरी आल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "किराण्याचे दिले का?"

नव्हते दिले. 640 रुपये. दोन महिन्यांपासून वहीत आहेत.

आई म्हणायची, "उधारी कयी का झोप गयी." वडील मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पगाराच्या संध्याकाळी ती आधी दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा, रुमालात बांधून ठेवायची आणि लगेच मला दुकानदाराची वही देऊन पिटाळायची. तो पैसे मोजून घ्यायचा आणि पानावर तिरपी लाल रेघ मारायचा. ती रेघ बघितल्याशिवाय आई चुलीवर भाकरी टाकत नसे. 'कोणाच्या ऋणात राहू नका' हे बायबलमध्ये पौलाने रोमकरांना लिहिलं, आमच्या घरात ते लाल शाईत होतं.

आणि मी? दोन वर्षांपूर्वी चाळीस हजार घालवून बसले. वर्षात दुप्पट करून देणारी योजना होती. आपल्यातलाच माणूस, सभा प्रार्थनेने सुरू व्हायची. बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचं वचन वाचायचे: दशमांश आणा आणि मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते बघा. ते असं वाचायचे की जणू व्याजाचा दरच जाहीर होतोय. माणूस पळाला, फोन बंद. त्याच्यावर मी पुष्कळ चिडले. पण त्याचं बोलणं मला पटलं ते उगाच नाही. मीही देवाच्या पेटीत टाकताना मनात पावती फाडतच होते. मुलाची अॅडमिशन, ह्यांची बदली. दिलं की मागायचं.

संध्याकाळी मार्काच्या शुभवर्तमानाचा 12वा अध्याय काढला. दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दान टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट संडेस्कूलपासून पाठ आहे. तिच्या बरोबर वरची ओळ मात्र मी आजवर घाईनेच वाचलेली: विधवांची घरं गिळणारे आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री. आमच्या योजनेवाल्यांचा फोटोच! आणि लगेच पुढे येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो. किती नाही, कसे. आज तो लिलावाला बसला असता तर माझ्या अकराशेकडे कसं बघितलं असतं, ते मला नीट कळतंय.

मुलगा जेवताना म्हणाला, "मग साठवायचंच नाही का?" आमच्याकडे काही जण तसं सांगतात खरं, उद्याची चिंता करू नका म्हणून. मला ते पटत नाही. रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न म्हणजे मान्ना; हावेने सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडले हे खरं, पण सहाव्या दिवशी शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, दुप्पट गोळा केलेला मान्ना सडला नव्हता. योसेफाने तर सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात घातला, म्हणून दुष्काळात मिसर देश जगला. पोस्टातलं आमचं आरडी चालू राहील, असं त्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि मोबाईल उचलला. रात्री दिवा मालवल्यावर मीसुद्धा बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघते, ते मात्र त्याला सांगितलं नाही.

दशमांशाचं पाकीट या महिन्यात नाव न लिहिता टाकायचं ठरवलंय. जमेल का, बघू. वर्षाअखेरीच्या यादीत आपल्या नावापुढे शून्य दिसलं की काय वाटेल, याची आत्ताच धडधड होतेय.

आत्ता उठून गंगाफळाचे चार तुकडे केले. एक शेजारी दिला, एक घारग्यांना ठेवला. तिसरा त्या मागच्या बाकावरच्या बाईंकडे पाठवावा का, यावर अजून विचार चालू आहे. दुकान सकाळी आठला उघडतं आणि शाळा साडेदहाची. वही पर्समध्ये टाकली आहे, सोबत 640 सुटे.