पेटीवर ‘जन गण मन’ : सहावी नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘पंजाब सिंध’ची ओळ बसली. ती बसली नव्हती. रविवारी तीच ओळ ठाय, म्हणजे संथ लयीत घोळवताना कळलं की ‘मराठा’वर मी इतके दिवस शुद्ध मध्यम लावत होते. तिथे तीव्र, म्हणजे किंचित चढा मध्यम आहे : प म॑ ध प. पांढरी एकला, म्हणजे सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरला तर अख्खं गीत पांढऱ्या पट्ट्यांवर निघतं. काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, तेवढी दोनदा लागते, एकदा ‘मराठा’ला आणि एकदा ‘मंगलदायक जय हे’ला. मधल्या ‘द्राविड उत्कल बंग’ला मध्यम पुन्हा शुद्ध. ही जागा सापडल्यावर ओळ एकदम उजळली.

दुसरी झुंज वेळेशी. पूर्ण वादन ५२ सेकंदांचं, संक्षिप्त २० सेकंदांचं. माझं पहिलं पूर्ण वादन ६१ सेकंद झालं. ‘जय हे’च्या तीन पायऱ्यांवर, सां नि सां, नि ध नि, ध प ध, मी रेंगाळत होते. भात्याचा दम सांभाळला तेव्हा ५६ वर आले.

बोटं दुखली की सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन वाचत बसते. हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ ला, काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात. जानेवारी १९१२ मध्ये ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ते ‘भारत-भाग्य-विधाता’ या नावाने छापलं. पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिलं, हा आरोप आजही कानावर येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं. त्याच दिवशी राजाच्या स्वागताचं एक वेगळं हिंदी गीत झालं होतं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्हींची गल्लत केली. रवींद्रनाथांनी स्वतः १९३७ च्या पत्रात हा भाग्यविधाता कोणी जॉर्ज असूच शकत नाही, असं स्पष्ट केलंय.

मूळ गीत पाच कडव्यांचं. आपण गातो ते पहिलं. इथे पेटी वाजवणाऱ्यांनी एक करून पाहावं. शेवटचं ‘जय जय जय जय हे’ सा सा रे रे ग ग रे ग म असं जातं आणि मध्यमावर थांबतं. षड्जावर, म्हणजे सा वर, येतच नाही. पहिल्या ओळीतलं ‘जय हे’ही तसंच, रे ग म. मला वाटतं, पुढची कडवी यायची आहेत म्हणून सूर उघडा ठेवलाय. म्हणून शेवटचा म मी आता दाबून धरत नाही, अलगद सोडते.

१९१९ मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीला आयरिश शिक्षिका मार्गारेट कझिन्स यांनी या चालीची पाश्चात्त्य स्वरलिपी केली, सप्टेंबर १९४२ मध्ये हॅम्बुर्गला ती वाद्यवृंदावर वाजली, १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही. वाद्यवृंदाला पेलणारी चाल, हा मुद्दा पुढे राष्ट्रगीत ‘जन गण मन’ की ‘वंदे मातरम्’ हे ठरताना फार वजनदार ठरला. तो खोडून काढायला आपले गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर झटले. ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागात बांधून, बँडवर वाजेल अशी रचना करून, त्यांनी दिल्लीत प्रात्यक्षिकं दिली. निर्णय दुसरा लागला, त्याची कारणं केवळ सांगीतिक नव्हती. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान दिला. एका गवयाने बँडसाठी एवढी खटपट करावी, हे वाचून मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

आणि आपल्या नाशकाचा धागा गायक विष्णु दिगंबर पलुसकरबुवांचा. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाणारे, १९२३ ला काकीनाड्यात अध्यक्षांनी हरकत घेतली तरी गीत पूर्ण करूनच थांबलेले ते बुवा. त्यांचा रामनाम आधार आश्रम इथलाच. पुढचा सराव त्यामुळे ठरलाय : झिंझोटीतलं ‘वंदे मातरम्’, कोमल निषादासकट.

सराव मी तुकड्यांत करते, कारण पहिली ओळ सलग वाजली की बाबा खुर्चीतून उठायला लागतात. त्यांचे गुडघे दुखतात, पण बसून ऐकायला तयार नाहीत. सगळं गीत रोज एकदाच, शेवटी. काल ते भिंतीला हात न लावता उभे होते, घड्याळ त्यांच्याच हातात. ५४ म्हणाले.